दोन ठिपक्यांचं बाळ

९ जानेवारी

छटाक,

पहिल्या ओळीतच सांगते, कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही आणि मला काही मागायचं नाही. मागचं पत्र मी पाठवलं ते तुझे बाबा गेल्याचं होतं, म्हणून आधीच खुलासा केला. पत्ता तुझ्या नवऱ्याने तेव्हा दिला होता, तोच अजून असेल असं धरून लिहितेय.

घरात सगळं जागच्या जागी आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो मीच दुरुस्त केला. वॉशर बदलायला दहा मिनिटं लागली, नळवाल्याची वाट बघण्यात दोन आठवडे गेले असते. तुझी खोली बंदच ठेवते. पुस्तकं तिथेच आहेत. दर महिन्याला बघते, वाळवी लागलेली नाही.

लिहायला कारण असं की अडुसष्टाव्या वर्षी मला काम मिळालंय. आमच्या जुन्या प्रसूतिगृहातून एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पन्नाशीच्या आहेत, कमी बोलतात, पण बोलताना समोरच्याकडे बघतात, हे मला आवडलं. तिथे चाळीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुलांचा त्या अभ्यास करतायत. जन्माच्या वेळी वजन किती होतं आणि मोठेपणी थायरॉईडचा आजार झाला का, या दोन्हींचा काही संबंध लागतो का, एवढाच प्रश्न. कुठे संबंध दिसलाय, कुठे नाही म्हणतात, म्हणून पुन्हा मोजायचं. जन्माची रजिस्टरं सापडली, पण त्यांतली अक्षरं कुणाला लागेनात. मला लागतात, कारण निम्मी माझीच आहेत.

तर आता मंगळवारी आणि शुक्रवारी साडेनऊला जाते, एकला येते. मी वाचते, समोर एक टायपिस्टबाई संगणकात भरते. आईचं नाव, तारीख, वेळ, मुलगा की मुलगी, वजन. पूर्वीच्या बाळंतिणींच्या खोलीत आता कपाटं आहेत. खिडकीची कडी अजून तशीच अडकते.

थायरॉईड म्हणजे गळ्यातली ती ग्रंथी. मंदावली की माणूस थकतो, फुगतो, गारठतो, केस गळतात, कशातच जीव लागत नाही. हे सगळं तिथल्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलंय आणि माझी खुर्ची नेमकी त्याच्यासमोर आहे. असो. हे उगाच लिहिलं.

उत्तर पाठवायची घाई नाही.

आई


२३ जानेवारी

छटाक,

उत्तर आलं नाही, ते ठीकच. मीही तुझ्या जागी असते तर दिलं नसतं.

काम चाललंय. टायपिस्टबाई बोटांनी हुशार आहे आणि तोंडाने त्याहून. पण मंगळवारी एक भानगड झाली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या वजनांची आकृती काढली. अशी आकृती म्हणे टेकडीसारखी दिसायला हवी, दोन्ही बाजूंना उतरत जाणारी. आमच्या टेकडीला अडीच किलोवर सुळका होता आणि त्याच्या अलीकडे खड्डा.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "सव्वादोनची, दोन किलो चारशेची बाळं तुमच्याकडे जवळजवळ जन्मलीच नाहीत. आणि बरोब्बर अडीचची एवढी कशी?"

"तेव्हाचे काटे तसलेच होते," मी म्हटलं.

"काट्याची चूक असती तर सगळीकडे असती. इथे एकाच आकड्यापाशी आहे."

मी पुढचं पान उलटलं. टायपिस्टबाई म्हणाली की काही आकड्यांखाली पेन्सिलीचे ठिपके दिसतात, माशा बसून गेल्यात वाटतं. मी म्हटलं, हो, तेव्हा माशा फार होत्या.

माझ्या वॉर्डात माशी. थोरल्या सिस्टर वरून ऐकत असतील तर मला उभं करून झापतील. आठवतात ना तुला त्या? तुझं छटाक हे नाव त्यांनीच पाडलं. तू एकदा विचारलं होतंस, अडीच किलोच्या बाळाला छटाक का म्हणायचे, तेव्हा मी म्हटलं होतं, थट्टेने.

बाबांच्या वेळी तू फाटकाशी उभी होतीस, आत आली नाहीस. भर उन्हाळा होता. तुझ्या अंगात जाड स्वेटर होता. हे मला हल्ली सारखं आठवतं.

आई


६ फेब्रुवारी

छटाक,

आज तुला आमच्या वॉर्डातली एक गोष्ट सांगते. बाहेर कुणालाच ठाऊक नाही. ज्यांना होती त्यांतली मी एकटी उरलेय.

तेव्हा नियम असा होता की अडीच किलोच्या आतलं बाळ रस्त्यापलीकडच्या इमारतीत न्यायचं. तिथे काचेची खोली होती, दिवे होते, सगळं होतं. आईला मात्र प्रवेश नव्हता. दूध बाटलीचं, आणि हात चारच जणींचे, चाळीस बाळांना. एकाला जुलाब लागले की रांगेने सगळ्यांना लागत. मी दर आठवड्याला आया बघायची, रस्त्याच्या या बाजूला उभ्या असलेल्या, दूध साचून पदर ओले झालेल्या. कुणाला बाळ परत मिळे, कुणाला नाही.

नियम बदलणं आमच्या हातात नव्हतं. काटा आमच्या हातात होता.

बाळ लहान आहे, पण गुलाबी आहे, रडायला खणखणीत, तोंडात बोट दिलं तर ओढतंय, असं असलं की थोरल्या सिस्टर काट्याच्या पाळण्यात टॉवेल घडी करून ठेवायच्या आणि त्यावर बाळ. आमचे वॉर्डचे टॉवेल जाडजूड असत, एकेक चारशे ग्रॅमचा. काटा अडीचच्या आसपास गेला की अडीच लिहायचं. आणि आकड्याखाली पेन्सिलीने एक ठिपका. पुढच्या पाळीच्या सिस्टरने ठिपका बघितला की तिला कळे, हे बाळ टॉवेलासकट आहे, दर दोन तासांनी पाजायचं, उबेत ठेवायचं, डोळ्यांत तेल घालून जपायचं. कुणी कुणाला कधी तोंडाने सांगितलं नाही. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप होतं. मोठे डॉक्टर रजिस्टर बघत, ठिपके बघत नसत.

ठिपक्यांच्या बाळांतली किती वाचली, किती गेली, याचा हिशोब आम्ही कधी केला नाही. वाचणारी जास्त असं आम्ही धरून चाललो. आता वाटतं, करायला हवा होता.

आता त्या डॉक्टरीणबाई चाळीस वर्षांनी या आकड्यांवरून लहान बाळं आणि मोठी बाळं वेगळी करतायत. आमची सगळी लहान बाळं मोठ्यांत जाऊन बसलीत. त्यांना अजून सांगितलं नाही. नोकरीतला खोटेपणा आहे, कागदावरचा, माझ्या अक्षरातला. या वयात कुणी काय करणार म्हणा, पण "सिस्टर" म्हणतात तेव्हा त्यांच्या आवाजात जो मान असतो तो जाईल. एवढीच भीती, हसू नकोस.

आई


१७ फेब्रुवारी

छटाक,

सांगून टाकलं. शुक्रवारी गेल्या गेल्या, पर्स खाली ठेवायच्या आत.

बाईंनी एक रजिस्टर ओढून ठिपका बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे ठिपके असतील तिथे चारशे वजा करायचे?"

"टॉवेल कोरडा असेल तर," मी म्हटलं.

यावर त्या हसल्या. मला वाटलं होतं चिडतील. त्या म्हणाल्या, सिस्टर, तुम्ही आकडे खोटे लिहिलेत, पण खोटं कुठे आहे तेही लिहून ठेवलंत, असं रजिस्टर मी कधी बघितलं नाही. मग आम्ही तिघी बसलो आणि पहिल्या पानापासून ठिपके शोधले. अकरा वर्षांच्या रजिस्टरांत एक ठिपका असलेली बाळं तीनशे सहा निघाली.

दोन ठिपके असलेलं एकच.

टायपिस्टबाईने आईचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, भरा. वजन अडीच, दोन टॉवेल, उरले एक किलो सातशे.

तू एक किलो सातशे होतीस. अडीच नव्हतीस. शाळेच्या फॉर्मवर, डॉक्टरांना, तुझ्या आत्याला, तुला, सगळ्यांना अडीच सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मलाही तेच खरं वाटायला लागलं. दोन टॉवेल हा आमच्यातही नियम नव्हता. एवढं लहान बाळ पलीकडेच जायचं. थोरल्या सिस्टरनी एक ठेवला, काटा एकवीसशेवर थांबला, आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी टेबलावर होते, टाकेसुद्धा घालून झाले नव्हते. मी म्हटलं, अजून एक ठेवा. त्या म्हणाल्या, "अगं, वेडी आहेस का? जगायची नाही ती इथे." मी म्हटलं, ठेवा, मी जगवते. इतर आयांसाठी आम्ही बाळाचा रंग बघायचो, रडणं ऐकायचो. माझ्या वेळी मी काही बघितलं नाही. तू धड रडतही नव्हतीस. मला फक्त तू हवी होतीस.

त्यांतला एक टॉवेल माझ्याकडे आहे, तुला गुंडाळून आणलेला. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने वॉर्डचा नंबर शिवलाय. बाईंनी तो मागवून घेतला आणि काट्यावर ठेवला. तीनशे दहा भरला. धुऊन धुऊन झिजलाय. बाईंनी चारशेच धरायचं ठरवलं, शेजारी लिहिलं, अंदाजे.

मी विचारलं, मग एवढ्या लहान बाळाला पुढे थायरॉईड होतोच का? त्या म्हणाल्या, असं म्हणता येत नाही. संबंध निघाला तरी तो हजारांबद्दल मिळून सांगता येईल, एकीबद्दल नाही. आणि कदाचित निघणारही नाही. मला हजारांशी काय करायचंय?

आणखी एक. रजिस्टरातल्या जितक्यांचे पत्ते लागतील तितक्यांना त्या पत्र पाठवणार आहेत, येऊन रक्त देऊन जा म्हणून. सोबत खरं वजन कळवणार. तुझा पत्ता त्यांनी मागितला. मी म्हटलं, दोन आठवडे थांबा. ऑफिसच्या पाकिटातून कळण्याआधी तुला माझ्या हातून कळावं, एवढ्यासाठी आजचं पत्र.

आई


१ मार्च

छटाक,

दोन आठवडे संपले. उद्या पत्ता देणार आहे. त्याआधी जे लिहायचं ते आज लिहिते. तीन कागद फाडून झालेत.

तू एकोणीस वर्षांची होतीस. सकाळी उठवलं तर उठायची नाहीस, दुपारी पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचीस, जिना चढताना मधल्या पायरीवर बसायचीस. केसांचे पुंजके मोरीत अडकायचे. मी तुला आळशी म्हणायची. नुसती आळशी नाही, माझ्याकडे तेव्हा शब्दांची कमी नव्हती. बाबा म्हणायचे, तिला दाखव कुणालातरी. मग मी तुला आमच्याच डॉक्टरांकडे नेलं, माझ्या ओळखीच्या.

त्यांनी तुझा गळा चाचपला. तुला गिळायला लावलं. मग चिठ्ठी लिहायला घेतली आणि म्हणाले, एकदा थायरॉईडची तपासणी करून घेऊ. तेव्हा मी बोलले. मला विचारलंही नव्हतं त्यांनी, मीच बोलले. म्हटलं, डॉक्टर, अडीच किलोची भरलेली पोर आहे ही, जन्मापासून ठणठणीत, हिला काही झालेलं नाही, हिला काम नको असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सिस्टर सांगतायत म्हणजे खरंच असणार, असं धरून त्यांनी चिठ्ठी चुरगाळून टोपलीत टाकली. तू त्या टोपलीकडे बघत होतीस.

मी हे विसरले नव्हते. विसरल्यासारखी वागले. दहा वर्षांनी तुझं दुसरं बाळ पोटातच गेलं आणि तू अंथरुणाला खिळलीस, तेव्हा मी तुझ्या घरी येऊन जे बोलले ते मी पुन्हा लिहिणार नाही, तुला पाठ असेल. थोडं अंग हलवलं असतंस तर, इथून सुरुवात झाली होती. तू उठून दार उघडलंस आणि उघडंच ठेवलंस. मी निघून आले ती आलेच.

बाबांच्या वेळी तू भर उन्हात स्वेटर घालून उभी होतीस आणि मी, चाळीस वर्षं आजारी माणसं बघितलेली बाई, मनात म्हटलं, नाटकं.

आता ऐक. तुझ्या थकव्याला तुझं वजन कारण होतं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. मला ते फार हवं होतं. मला वाटलं होतं, संबंध निघाला तर मी तुला लिहीन, बघ, टॉवेलचा दोष, रस्त्यापलीकडच्या खोलीचा दोष. पण ती चिठ्ठी वजनाने चुरगाळली नव्हती. डॉक्टर लिहीत होते आणि मी त्यांचा हात थांबवला. तू आळशी नव्हतीस. तू थकलेली होतीस आणि ते सांगत होतीस, आणि मी ऐकलं नाही.

तुझी तपासणी कुणी केली का, कधी केली का, मला ठाऊक नाही. केली नसेल तर बाईंचं पत्र येईल तेव्हा जा. माझ्या सांगण्यावरून नको. तुला जावंसं वाटलं तर जा. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी मी असते, तर इतर दिवशी जा.

घर फार शांत आहे. मी रेडिओ लावते आणि स्वयंपाकघरात जाते, म्हणजे पलीकडच्या खोलीत कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

आई


१२ मे

छटाक,

मार्चपासून लिहिलं नाही. लिहायचं ते सगळं लिहून झालं होतं. नळ पुन्हा गळायला लागला होता, या वेळी नळवाल्यालाच बोलावलं. दोन आठवडे वाट बघितली. कुणीतरी येणार आहे, हे बरं वाटत होतं.

एप्रिलभर रक्त द्यायला माणसं येत होती. मी खिडकीशी बसून बघायची. चाळिशीतली, ढेरी सुटलेली, घाईत असलेली माणसं. यांतली काही ठिपक्यांची असतील, असं मनात यायचं. तुझ्याबद्दल मी बाईंना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "सिस्टर, कोण आलं, कोण नाही, हे मला सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही." बरोबरच आहे. तुझ्या बाबतीत निदान एका डॉक्टरने तरी माझं ऐकलं नाही.

आज त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हातात कागदाचा चिटोरा होता, त्यांच्याच अक्षरातला. म्हणाल्या, रक्ताच्या फॉर्ममागे काही विचारायचं असेल तर लिहायला जागा असते. एका सहभागी व्यक्तीने विचारलंय. नाव सांगणार नाही, पण उत्तर फक्त तुम्हीच देऊ शकाल.

चिटोऱ्यावर एकच वाक्य होतं. दोन ठिपक्यांच्या बाळाला पलीकडे नेलं नाही, तर मग ऊब कशी दिली?

मी ते तीनदा वाचलं. टायपिस्टबाई उठून खिडकीची कडी काढायला गेली. ती कडी कुणाच्या बापाला निघत नाही, पण ती तिथेच खटपट करत उभी राहिली.

बाईंनी पेन उघडलं. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. लिहा, आईच्या अंगाशी. पोलक्याच्या आत, छातीवर, उभी, डोकं हनुवटीखाली. वरून ओढणीने बांधलेली. किती दिवस? सहा आठवडे. मधे काढायचात? आंघोळीपुरती, तेवढा वेळ तिचे बाबा शर्टाची बटणं उघडून बसायचे. पाजायचं कसं? आधी चमच्याने, मग आपणहून. गार पडायची का? पहिल्या आठवड्यात हात गार पडायचे. मी ते तोंडात धरायची.

इथे बाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, हे शेवटचं कुठल्या रकान्यात घालू? मी म्हटलं, कुठल्याही घाला, पण घाला.

हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अडीच किलो खोटं पडलं असतं. खोटं सांभाळता सांभाळता मी चांगलं तेही लपवून टाकलं.

निघताना मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, नाव नका सांगू, आजार आहे की नाही तेही नका सांगू. एवढंच सांगा, तिच्या अंगात स्वेटर होता?

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "एप्रिलमध्ये काय उकाडा होता, सिस्टर. स्वेटर घालून कुणीही आलं नाही."

मी घरी चालत आले. वाटेत दोनदा बसले, वय झालंय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला त्यांच्याकडून येईल, टाईप केलेलं, सही-शिक्क्याचं. अजून काही विचारावंसं वाटलं तर तसंच विचार, फॉर्मच्या मागे, नाव न घालता. मीही नाव न घेता सांगेन. आणि कधी समोर येऊन विचारावंसं वाटलं, तर मागे लिहिलं होतं की इतर दिवशी जा, ते खोडून टाक. मी मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे असते, साडेनऊ ते एक.

आई